उंबरमाथ्याची पायवाट

मी पायवाट बोलतेय. साखरशेताकडून उंबरमाथ्यावर चढणारी आणि मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यात उतरणारी. नकाशात मला शोधू नका, मी तिथे नाही.

मला कुणी बांधलं नाही. हा डोंगर म्हणजे जमिनीच्या पोटातून उसळून थिजलेला तापता रस, असं वर येणारे शिकलेले लोक एकमेकांना सांगतात. असेल बापडा. त्या काळ्या कातळावर अनवाणी पावलं पडत गेली, कातळ गुळगुळीत झाला आणि मी झाले. गुरं, मोळीवाल्या बाया, जव्हारच्या बाजाराला निघालेली माणसं, सगळ्यांनी मिळून मला जन्म दिला. म्हणून मला माणसांचा लोभ फार.

त्यातही दोघींचा जास्त. भागी आणि चिमी, सख्ख्या बहिणी. थोरली भागी पलीकडच्या पाड्यात दिलेली, धाकटी चिमी साखरशेतात. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी, दोघी आपापल्या बाजूने चढायच्या आणि माथ्यावरच्या सपाट खडकावर भेटायच्या. एकीच्या फडक्यात नागलीची भाकर, दुसरीच्या फडक्यात सुकटीची चटणी. खायच्या, भांडायच्या, आई आठवली की रडायच्या. आभाळ स्वच्छ असलं तर तिथून पश्चिमेला समुद्राची रेघ चमकते. शहरातले लोक ती बघायला धापा टाकत येतात. या दोघींनी तिच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे डांबरी रस्ता झाला, जीप आली, माझ्यावरची वर्दळ आटली. या दोघी मात्र केस पांढरे झाले तरी येत राहिल्या.

आमच्याकडे एक रीत आहे. पुढे गेलेल्या माणसाने फाट्यावर हिरवी डहाळी ठेवायची आणि तिच्यावर दगड. शेंडा जिकडे, तिकडे माणूस गेलं. मागून येणारा न विचारता तिकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वी भागी आधी पोचली. ऊन मी म्हणत होतं. तिने खडकाजवळ डहाळी ठेवली, शेंडा झऱ्याकडे केला आणि कड्याखालच्या झऱ्यावर सावलीत जाऊन बसली.

मग शहरातली मंडळी आली. भली माणसं हो! दुसऱ्यांनी फेकलेल्या बाटल्या पिशवीत भरत होती. त्यांच्यातल्या एकाला डहाळी दिसली. "कुणीतरी अडखळेल," तो म्हणाला. त्याने दगड बाजूला सारला आणि डहाळी झुडपात भिरकावली. मला असं ओरडावंसं वाटलं! पण मला तोंड कुठे?

ते उतरून गेल्यावर चिमी आली, नातीचा हात धरून. खडक रिकामा. तिने हाका मारल्या, पण वारा उलटा होता. बसून राहिली. ऊन कललं.

"आजी, फोन लावू का?" नातीने, योगिताने, विचारलं.

"नको लावू. जिला यावा वाटला नाय, तिला फोन कशाला?"

भाकर तशीच बांधून ती उतरली.

खाली झऱ्यावर भागी स्वतःशीच पुटपुटत होती, "डहाळी दिसली असल तिला. तरी नाय आली. म्हातारपणी बहीण नको झाली." तीही खडकाकडे न वळता झऱ्यावरून परस्पर आपल्या बाजूला निघाली. दोघींची जड पावलं एकाच वेळी माझ्या अंगावर होती, एकीची या उताराला, दुसरीची त्या. मला त्या दोघींना धरून ठेवता आलं नाही.

तेव्हापासून दोघी आल्या नाहीत. दोन्ही घरांत फोन आहे, पण आधी कोण बोलणार? रुसवा म्हातारा झाला की फार हट्टी होतो. गेल्या वाघबारशीनंतर मी दिवसभर कान लावून होते. बूट आले, काठ्या टोचत गेले. ती भेगाळलेली, ओळखीची पावलं आली नाहीत.

आता कारवी दोन्हीकडून अंगावर येतेय. मी बुजेन. त्याचं एवढं वाईट वाटत नाही, पायवाटा बुजतातच. पण त्या दोघी थकल्यात. एकीने दुसरीवर राग धरून डोळे मिटले तर?

म्हणून तुम्हाला सांगतेय. समुद्र बघायला या, खुशाल या. फक्त उतरताना साखरशेतात थांबा. चिमीचं घर कुणीही दाखवील. तिने पाणी दिलं की प्या आणि तिला सांगा, त्या दिवशी भागी आली होती.