चढा आकडा

"हलू नकोस," नवरा म्हणाला, आणि तिने हनुवटी टेकवून श्वास रोखला. यंत्रातला तांबूस उजेड डोळ्यात शिरला आणि परतला. डोळ्याला न शिवता, परतलेल्या उजेडावरून आतला दाब सांगणारं हे यंत्र त्याने घरच्या मागच्या खोलीत स्वतः जुळवलं होतं. आकडा पुन्हा चढाच आला. चांगल्या डोळ्यात तो विसाच्या आत राहतो; इथे पस्तीस.

तो यंत्रावरच वैतागला. धडधाकट बायकोच्या डोळ्यात एवढा दाब येणार कुठून? भिंग सरकवून, गणित बदलून त्याने आकडा पंधरावर आणला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. आपण त्याच्या कामी आलो, या समाधानात ती उठली आणि दाराच्या चौकटीवर आदळली.

पुढे ती वरचेवर धडपडू लागली. "डोळे आहेत की बटणं?" सासूबाई म्हणत, आणि तो हसे. एकदा तिने भीतभीत डॉक्टरांचं नाव काढलं. घरात यंत्र असताना बाहेर कशाला, म्हणत त्याने तिला पुन्हा बसवलं. पंधरा.

दोन्ही बाजूंचं जग विझून समोर नळीएवढंच उरलं, तेव्हा तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी डोळा बधिर करून जुन्या पद्धतीने, टेकवून दाब मोजला. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायची तर थेंब आजपासूनच घालायचे होते.

"किती भरला?" त्याने विचारलं.

"छत्तीस."

तिचा हात त्याच्या हातात होता. त्याची पकड घट्ट झाली.

"म्हणजे पहिल्यापासून बरोबर होतं," तो पुटपुटला.

हा खचला, असं वाटून तिनेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. परतताना रस्ताभर तो गुणगुणत होता, तेव्हा तिने त्याच्या हातातला आपला हात काढून घेतला.

घरी येताच तो मागच्या खोलीत यंत्राकडे गेला. तिने चाचपडत बाटली उघडली, मान मागे टाकली. पहिला थेंब गालावरून ओघळला. तेवढ्यात तो आला. मदत करेल म्हणून तिने बाटली त्याच्यापुढे धरली.

त्याने हळुवारपणे ती घेतली, झाकण लावलं आणि खिशात टाकली.

"उद्या घाल," तो म्हणाला. "असा दाब मला पुन्हा कुठे मिळणार?"