मधलं पद

कोकिळेने पदर सावरला, वही मांडीवर घेतली आणि नाव लिहायला पेन उघडलं. पाहायला आलेल्या माणसांसमोर मुलीने नाव लिहून दाखवायचं, ही मेहकरकडची रीतच. पण नवरा मुलगा उत्तमराव मलकापूरच्या कॉलेजात गणित शिकवणारे. ते म्हणाले, नाव राहू द्या, निश्चयक, म्हणजे डिटर्मिनंट, सोडवा. आणि त्यांनी तीन ओळींत नऊ आकडे सांगितले: दोन, एक, तीन, एक, चार, दोन, तीन, दोन, पाच.

कोकिळेला मनातून आनंदच झाला. अमरावतीच्या कॉलेजातून इंटर सायन्स होऊन दोन वर्षं ती भाजीच्या मळ्यात वांगी तोडत होती. बी.एस्सी. करू देईल असा हाच एक नवरा, असं शेषरावांनी, तिच्या वडिलांनी, तिला सांगून ठेवलं होतं. तिने भराभर मांडणी केली. बत्तीस, अधिक एक, वजा तीस. उत्तर तीन.

उत्तमरावांनी वही पाहिली.

"चुकलं. एक येतं."

कोकिळेने पुन्हा पाहिलं. मधल्या पदाला आधीच वजा असतं, आणि इथे कंसातही वजा एक आला होता. दोन्ही मिळून अधिक होतात. तिने त्या जागेवर बोट ठेवलं आणि हळूच तसं सांगितलं.

वराचे काका रंगराव सुपारी कातरायचे थांबले. शेषरावांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काकांचा चेहरा बरोबर कळला.

"सर म्हन्तात त एकच असन. खोड ते."

तिने वडिलांकडे पाहिलं. अमरावतीचं कॉलेज आठवलं. एका आकड्यासाठी सगळं घालवायचं का? तिने तीन खोडून एक लिहिला.

"पोरगी वळणाची आहे," रंगराव म्हणाले. सुपारी फुटली, कुंकू लागलं.

मग शेषरावांनी हात जोडून बी.एस्सी.चा विषय काढला. उत्तमराव हसले. एवढं साधं जिला जमलं नाही तिला बी.एस्सी. कसं झेपणार, म्हणाले, आणि घरी कामाला माणूस हवंच आहे. सगळे हसले. शेषरावही हसले, काय करतील बिचारे!

ती चहाचे कप उचलायला वाकली तेव्हा उत्तमराव तिच्यापुरतं बोलले.

"तीनच होतं. खोडता का, तेवढं पाहायचं होतं."

कप घेऊन ती आत आली. कप तिने जमिनीवरच ठेवले. पाठोपाठ शेषराव साखर न्यायला आले.

"बाबा, माहं बरोबर होतं. त्याइले ठावूक होतं. त्याइनंच सांगितलं मले."

शेषरावांनी साखरेचा डबा काढला, बैठकीच्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "आइकतीन ते."