बायोडाटा फक्त पीडीएफमध्ये

माझी बायको शैला गेली हे कळलं तेव्हा मी नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून वाद घालत होतो. दवाखान्यातून आमच्या मुलीचा, श्रावस्तीचा, फोन आला. भाजी तिथेच ठेवून मी ऑटोत बसलो. सगळं आटोपून घरी आलो तर शैलाचा मोबाइल वाजत होता.

"ताई, मुलाचा बायोडाटा पाठवलाय. मिळाला का?" एक बाई विचारत होत्या.

मी म्हणालो, "मिळाला."

दिल्लीत नोकरीला आलेल्या आपल्या बौद्ध कुटुंबांचा वधू-वर परिचय मेळावा शैला दर वर्षी भरवायची. पुस्तिका छापण्यापासून चहापर्यंत सगळं तिचं. या वर्षी कोण करणार, असं मेळावा भरवणाऱ्या आमच्या मंडळात विचारलं तेव्हा सगळे खाली बघू लागले. मी हात वर केला. तिच्यामागे पहिल्याच वर्षी मेळावा बंद पडला, असं मला होऊ द्यायचं नव्हतं.

श्रावस्ती मोबाइलची ॲप बनवते. तिने मेळाव्यासाठी एक बनवलं. नाव भरायचं, बायोडाटाची फाइल जोडायची, झालं. पण लोकांनी काय काय जोडलं! गुड मॉर्निंगचे गुलाब, साखरपुड्याचा व्हिडिओ, एकाने तर विजेचं बिल.

"बाबा, अब बस," श्रावस्ती म्हणाली. "फाइल निवडायला गेलं की फक्त पीडीएफ दिसेल. बाकीचं फिकट. बोट लावलं तरी हलणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून फोन माझ्याकडे. पहिला आर. के. पुरमहून, शेवंताबाईंचा. त्यांनी मुलाचा, विनयचा, बायोडाटा स्वतःच्या अक्षरात लिहून त्याचा फोटो काढला होता.

"जय भीम, भाऊराव. तुमची पोरगी माझ्या पोराला फिकट करून बसलीय. असं करतात होय?"

मी एका मंत्रालयात आवक-जावक विभागात नोकरी केली. तिथे अडलेल्या फाइलीचं कव्हर बदललं, वर नवा विषय लिहिला, की ती चालू लागायची. मी श्रावस्तीचा लॅपटॉप बघितला होता. फाइलीच्या नावाला, टिंबापुढे, शेपूट असतं. फोटोचं वेगळं, पीडीएफचं वेगळं. शेवंताबाईंना म्हटलं, मला फोटो पाठवा. मी नुसतं शेपूट बदललं. ॲपने मुकाट्याने घेतला! मला इतका आनंद झाला की ही युक्ती मी मंडळाच्या ग्रुपवर टाकली.

मग बायोडाटांचा पूरच आला.

पुस्तिका छापखान्यात द्यायच्या दिवशी सकाळी श्रावस्ती फाइली उघडायला बसली. बहुतेक उघडेनातच. तिने नावं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, काय केलंत?"

"नाव बदललं."

"नाव बदललं की आतला माणूस बदलतो का?"

"आमच्या मंत्रालयात बदलायचा."

ती हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. खुर्चीतून घसरून खाली बसली आणि हसत राहिली. मलाही हसू आवरेना.

"चूक माझीपण आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "दारात नाव विचारलं, पिशवी उघडून बघितली नाही. फाइल आत आल्यावर ती खरंच पीडीएफ आहे का, हे तपासायला हवं होतं."

तिने सगळी शेपटं पूर्ववत केली. फोटो उघडले. ॲपमध्ये नवीन बटण बसवलं: कागदाचा फोटो काढा, पीडीएफ ॲपच करील. आता नाव बदललेली फाइल परत येते आणि खाली लिहून येतं, 'भाऊराव, हे चालणार नाही.' मी म्हटलं, माझं नाव कशाला? ती म्हणाली, "लोगों को पता है किसका काम है."

पुस्तिका वेळेवर छापून झाली. घाईत एक गंमत राहून गेली. शेवंताबाईंनी युक्ती शिकल्यावर उत्साहाने आणखी एक फाइल पाठवली होती. मेळाव्यात पुस्तिका उघडली तर विनयच्या पानावर, त्याच्या शिक्षणाशेजारी, बादलीत बसलेलं उघडंबागडं बाळ.

"आई!" विनय ओरडला.

"अरे, रंग कळायला नको का मुलीकडच्यांना?"

सभागृह हसत सुटलं. वृंदा नावाची एक इंजिनिअर मुलगी पुस्तिका घेऊन थेट विनयपाशी गेली. "बादली अजून आहे का घरी?" तिने विचारलं. तो आधी लाजला, मग दोघं चहाच्या टेबलाकडे गेले. पुढचं त्यांचं त्यांना ठाऊक. दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरहून आलेली मंडळी निघताना पुढच्या वर्षीची तारीख विचारत होती.

मेळावा झाला. माणसं जेवून, हसून घरी गेली. स्वागताचं भाषण शैला करायची. या वेळी सुरुवातीला माईक हातात घेऊन मी उभा राहिलो आणि नुसता "बसा, बसा" म्हणालो. ते भाषण करायचं राहिलं आहे.