बेसनाची शपथ

झुंबर पारधी उंबरदऱ्याच्या चौकीत मेला तेव्हा त्याचे पाय गहिनीनाथ शिपायाने धरले होते. जमादार म्हणाला धर, यानं धरले. जमादार धर्मराज काठी चालवत होता आणि बाहेर लिंबाखाली आप्पाराव देशमुख पान लावत बसले होते. त्यांच्या बायकोचे पायातले चांदीचे तोडे चोरीला गेले होते. चांदी गेली की आधी पारध्यांची पालं धुंडाळायची, हा त्या मुलखाचा कायदा. निजाम सरकारचे छापलेले कायदे पुष्कळ होते, पण इमानानं पाळला जायचा तो हा एकच, कुठंही न लिहिलेला.

झुंबर शेवटपर्यंत "म्या न्हाई" एवढंच म्हणत राहिला. तो गेल्यावर तोडे सापडले ते देशमुखांच्या थोरल्या पोराच्या, बंकटच्या खोगिराखाली. देशमुखांनी ते बायकोच्या पायात परत घातले आणि जमादाराला निरोप धाडला, "निस्तरा."

निस्तरायला जमादाराला काय लागतंय! मेलेल्याचा भाऊ म्हाळू मुडदा मागायला चौकीत आला, त्यालाच दोरखंडानं आवळला. गोष्ट रचली ती अशी: दोघं भाऊ दारू पिऊन भांडले, म्हाळूनं झुंबरला दगडानं ठेचला, झुंबर सरपटत चौकीत आला आणि तिथं मेला. चार साक्षीदार ठरले. माळवं विकणारा आसाराम, रामकिसन, विहिरीपलीकडची केशरबाई आणि चौथा गहिनीनाथ. म्हाळूला जन्माची बेडी पडणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि गाव आपापल्या कामाला लागलं होतं.

घोटाळा केला तो नव्या तहसीलदारानं. माणूस हैदराबादेचा, या भागात नुकताच आलेला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं की इथली रयत बेलभंडार उचलून खोटं बोलत नाही. त्यानं निरोप पाठवला, चौकशी चावडीत होईल आणि प्रत्येक साक्षीदार खंडोबाचा बेलभंडार उचलून बोलेल.

झालं. तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. आसाराम चौकीत येऊन हात जोडू लागला.

"जमादारसाहेब, गीता म्हणा, गंगा म्हणा, गाईची शेपटी म्हणा, कायबी धरतो. भंडारा न्हाई. माजी दोन लेकरं हायती."

"माज्या चुलत्यानं बांधाच्या भांडणात खोटा उचललता," रामकिसन म्हणाला. "सालात डोळे गेले."

गहिनीनाथ कोपऱ्यात उभा होता. त्याला आतून बरं वाटलं. आपल्या तोंडून खरं निघायचं नाही हे तो ओळखून होता. नोकरी देशमुखांनी लावलेली. पण देव आडवा आला तर म्हाळूची परस्पर सुटका होईल, आपल्याला काही करावं लागणार नाही, एवढी त्याची अक्कल चालली होती.

जमादारानं मिशीवरून हात फिरवला. "भंडारा कसला असतो बे?"

"हळदीचा."

"आन् बेसनपीठ कसलं असतंय?"

आसाराम बघतच राहिला.

"ताटात बेसनपीठ ठिवू. वर बेल. तहसीलदाराला काय कळतंय, हळद का डाळ? तुमी पीठ उचलायचं. पिठाचा देव कोण हाय का?"

मग केशरबाई पदर तोंडाला लावून फिसकली. रामकिसननं मांडीवर थाप मारली. आसारामचा रंग परत आला आणि तो म्हणाला, "शपथ झाली की त्यात कांदा टाका, भजी तळू!" चौकी हसण्यानं भरून गेली. ज्या फरशीवर झुंबरचं रक्त खरवडून काढलं होतं, तिच्यावर बसून ही माणसं हसत होती. जमादार तर पैसे खाणाराच, त्याच्याकडून दुसरं काय व्हायचं! पण हे? यांची भीती माणूस मारण्याची नव्हतीच, डोळे जाण्याची होती. झुंबरचे पाय धरताना गहिनीनाथनं मान वळवली नव्हती, ती आता वळवली.

"गहिन्या, तुज्या घरून आण पीठ. आन् ताट तूच धर," जमादार म्हणाला.

घरी छबुबाईनं वाटीत पीठ काढून दिलं. "एवढ्या पिठाचं काय व्हतंय? कावून पायजे?"

त्यानं सांगितलं. नवऱ्याच्या हातातली वाटी तिनं काढून घेतली आणि पीठ परत डब्यात ओतलं.

"माज्या घरचं पीठ न्हाई जायाचं," ती म्हणाली.

"मंग मी काय नेऊ?"

"तुमचं तुमी बघा."

भिंतीतल्या देवळीत खंडोबाच्या टाकाजवळ पिशवी लटकत होती. माळेगावच्या जत्रेतून त्याच्या बापानं आणलेला भंडारा. गहिनीनाथनं ती उतरवली तेव्हा छबुबाई बघत होती. तिनं अडवलं नाही.

चावडीवर गाव लोटलं. तहसीलदार खुर्चीवर, शेजारी गादीवर देशमुख, खाली दोरखंडात म्हाळू. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. गहिनीनाथनं ताट समोर ठेवलं. वर बेलाची पानं, खाली पिवळंधमक.

आसारामनं मूठ भरून भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि घडाघडा बोलला. म्हाळूनं दगड घातला, मी डोळ्यांनी बघितलं. शपथेवर त्याचा आवाज कीर्तनकारासारखा खुलला होता. परत येताना तो गहिनीनाथच्या कानाला लागला. "रंग लई झकास जमवला बे जमादारानं. वास सुदिक हळदीचा!"

रामकिसन बोलला. केशरबाई तर रडली. म्हाळूनं बायकोला मारलेलंही तिनं बघितलं होतं म्हणे, ते कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. म्हाळू तिच्या तोंडाकडे बघत होता. परवाच त्याच्या बायकोनं हिला दोन तितर दिले होते.

"ये लोगां भंडार पे झूट नै बोलते," तहसीलदार देशमुखांना म्हणाला. देशमुखांनी मान डोलावली.

मग गहिनीनाथची पाळी आली. त्यानं भंडारा उचलून कपाळाला लावला.

"झुंबरला जमादारसाहेबांनी मारलं. चौकीत. पाय म्या धरलते. तोडे बंकटरावाच्या खोगिराखाली घावले." तो गर्रकन साक्षीदारांकडे वळला. "आन् हे बेसन न्हाई. माळेगावचा भंडारा हाय. माज्या देवळीतला."

आसारामनं बोटाचा शेंडा जिभेला लावला. कच्च्या डाळीची चव आली नाही. त्याचं तोंड कडवट झालं, आणि तो तिथंच ओकला. रामकिसन धावत येऊन ताटात बोट घालून चाटू लागला, केशरबाईनं बोट घातलं, मागचे दोघंचौघं उठले. राज्याची चावडी, खुनाची चौकशी, आणि माणसं ताट चाटतायत! चाटतायत, थुंकतायत, कपाळ पुसतायत.

"क्या तमाशा है?" तहसीलदार ओरडला. सगळं समजल्यावर तो बराच वेळ देशमुखांकडे बघत राहिला. मग साक्षीदारांना म्हणाला, "अब मालूम है ना, असली है? फिर से उठाओ. बोलो."

कुणी उठेना. खोटं बोलावं तर खंडोबा, खरं बोलावं तर देशमुख. केशरबाईनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

"साहेब, माजं लिवून घ्या," गहिनीनाथ म्हणाला.

तहसीलदारानं कारकुनाला हातानं थांबवलं. तो मूर्ख नव्हता. कुठं काय सडलंय ते त्याला पक्कं कळलं होतं, म्हणूनच त्यानं नाकाला रुमाल लावला. त्यानं हुकूम सोडला: साक्ष नाही, म्हाळूला सोडा. झुंबर तापानं मेला. शिपायानं सरकारी कामात दगा केला, त्याचा पट्टा उतरवा. पट्टा उतरवला तो धर्मराज जमादारानंच, आणि उतरवताना गालात हसला. "काय मिळालं बे?"

दुपारी खंडोबाच्या देवळापुढं बकरं पडलं. खोट्या शपथेचा देवाचा दंड तिघांनी मिळून भरला होता. गुरवानं अंगारा लावला, तळी उचलली, येळकोट झाला. रामकिसन म्हणाला, आता डोळ्यांना धोका नाही. तहसीलदार अजून गावात जेवत होता, पण त्याच्याकडे जाऊन खरं सांगावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. देवाशी मिटलं होतं. पारध्याशी मिटवायचं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

"गहिनीनाथ, बकऱ्याच्या पैशातला निम्मा वाटा तुजा हाय," आसाराम म्हणाला. "भंडारा तू ठिवला, पाप तुजं. आमाला फुकट गुतवलंस."

तो उत्तर देणार तेवढ्यात पारध्यांची पालं रस्त्यानं निघाली. गाढवांवर चुलीची भांडी, कोंबड्या, पोरं. मागं म्हाळू, सुजल्या डोळ्यानं वाट शोधत चाललेला. पोरांनी मटणाच्या वासाकडे माना वळवल्या.

"ये बे म्हाळ्या!" आसारामनं मोठ्या मनानं हाक मारली. तोंडात हाडूक होतं. "सुटलास न्हवं? जेवून जा."

म्हाळू थांबला. त्यानं आसारामकडे बघितलं, रामकिसनकडे बघितलं आणि शेवटी गहिनीनाथकडे. तिघांकडे बघण्यात त्यानं काही फरक केला नाही.

"तुमी खावा," तो म्हणाला. "आमच्या झुंबरचं जेवान आमी आजून घातलं न्हाई."

पालं पुढं गेली.

"माज बघा पारध्याचा!" आसाराम म्हणाला आणि त्यानं पुन्हा पत्रावळ पुढं केली. सगळे जेवू लागले. गहिनीनाथ बिनपट्ट्याचा, ढिल्या सदऱ्यात उभा होता. केशरबाईनं त्याच्या हातात रश्श्याचा द्रोण कोंबला. त्यानं तो देवळाच्या पायरीवर उपडा केला.