एका घरातले दोन उमेदवार

कॉलेजच्या विद्यार्थी व्यवसाय मंडळाच्या अध्यक्षपदासाठी त्या वर्षी दोनच अर्ज आले, आणि दोन्ही एकाच घरातून आले.

पहिला मामांच्या मुलाचा. त्याला सगळे शेठ म्हणत. शाळेत असताना त्याने वर्गातल्या मुलांना त्यांचीच हरवलेली खोडरबरं परत विकली होती, तेव्हापासून ते नाव चिकटलं होतं. दुसरा अर्ज मामांच्या भाचीचा. ती शिकायला मामांकडे राहत होती. कुणी काही चुकीचं बोललं की दुरुस्त केल्याशिवाय तिला राहवत नसे, म्हणून कॉलेजात ती मास्तरीण.

मंडळाचं काम नावापुरतं नव्हतं. आवारात मुलांनीच चालवलेलं वह्या-पेनांचं दुकान होतं, अधूनमधून एखाद्या कारखानदाराचं नाहीतर दुकानदाराचं व्याख्यान व्हायचं, आणि वर्षाच्या शेवटी मेळा भरायचा, त्यात मुलं स्वतः बनवलेल्या वस्तू विकायची. मागच्या वर्षी मास्तरीण चिटणीस होती. पाहुण्यांना फोन तिने केले, हॉल तिने मिळवला, दुकानाच्या पाळ्या तिने लावल्या. शेठ स्टेजवर जाऊन पाहुण्यांची ओळख करून द्यायचा. लोकांच्या लक्षात ओळख राहिली.

तिने घरी सांगितलं ते जेवताना.

"मीही अर्ज भरलाय."

"कशाचा?" मामीने विचारलं.

"अध्यक्षपदाचा."

शेठने ताटातून मान वर केली. "माझ्याविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध नाही. त्याच जागेसाठी."

मामांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना 'आता खालची ओळ वाचा' असं सांगून झालं की घरी त्यांना फारसं बोलावंसं वाटत नसे. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरं झालं. पद घराबाहेर जायला नको."

कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून मामीच्या वागण्यात कुठे बोट ठेवता येईल असं काही बदललं नाही. डबा वेळेवर मिळत होता, कपडे घडी घालून खोलीत येत होते. फक्त हाक मारताना भाचीचं नाव गळलं. "कुणाला चहा हवा असेल तर ठेवलाय," असं मामी भिंतीकडे बघून म्हणायची.

शेठचा प्रचार कॅन्टीनमधून चालला. तो एका टेबलावर बसायचा आणि टेबल आपोआप भरायचं. कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, कुणाचा पेपर अवघड गेला, सगळं त्याला ठाऊक असायचं, आणि तो ते मतांसाठी विचारत नसे. त्याला खरंच त्यात रस होता. मास्तरीण मात्र वर्गावर्गांत फिरली. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने तिला सरळ तोंडावर सांगितलं, "तुमच्या बैठका आमची शेवटची बस गेल्यावर सुरू होतात. आम्ही सभासद आहोत ते वर्गणीपुरते."

मास्तरणीने शब्द दिला की आपण निवडून आलो तर बैठका दुपारच्या सुट्टीत होतील. दोन-तीन वर्गांत टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी शेठने तेच आश्वासन कॅन्टीनमध्ये दिलं, आणि वर 'बस चुकणार नाही, संधीही चुकणार नाही' असं यमक जुळवून दिलं.

संध्याकाळी तिने त्याला व्हरांड्यात गाठलं. "ते माझं होतं."

"एकाच्या दुकानात माल खपायला लागला की शेजारचा ठेवणारच," शेठ म्हणाला. "तूच मला परीक्षेच्या आधी हा धडा समजावून दिला होतास."

ते खरं होतं. तिला राग आला, पण दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

मतदान मोठ्या वर्गात झालं. मंडळाचं काम बघणाऱ्या अर्थशास्त्राच्या बाईंनी मतं मोजली, पुन्हा मोजली आणि चष्मा काढून ठेवला. दोघांना सारखीच मतं पडली होती. नियम असा होता की उमेदवारांनी उद्यापर्यंत आपसात ठरवावं. नाही ठरलं तर नाणं उडवायचं.

"तुम्ही एकाच घरात राहता ना?" बाई म्हणाल्या. "मग काही अवघड नाही."

घरी पोचताच मास्तरणीला आईचा फोन आला. म्हणजे मामीचा तिला आधीच गेला होता.

"मामाने तुला लेकीसारखं ठेवलंय," आई म्हणाली. "एका खुर्चीपायी वाईटपणा घेऊ नकोस."

"मी काही मागत नाहीये, आई. निम्म्या लोकांनी मला मत दिलंय."

"निम्म्यांनी त्यालाही दिलंय ना."

मग मामी तिच्या खोलीत आली. कपाटाचं दार उगाच उघडून बंद केलं. कितीतरी दिवसांनी तिने नाव घेऊन हाक मारली आणि म्हणाली, "तो हरला तर बापासमोर मान वर करणार नाही गं. तुझं काय, तू हुशार आहेस. तुझं कुठेही अडणार नाही." राहण्या-जेवण्याचा विषय तिने काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरणीला नंतर वाटलं. निदान भांडता तरी आलं असतं.

शेवटी शेठ आला आणि दारातच उभा राहिला.

"तू चिटणीस हो. काम सगळं तुझ्या मनासारखं. मी फक्त बोलायचं बघतो."

"मागच्या वर्षी तेच तर होतं."

"मागच्या वर्षी काय वाईट झालं?"

तिने थोडा विचार केला. "काहीच नाही. तरी मला ते नको आहे."

"मग नाणंच," शेठ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला. बाईंनी पर्स उघडली. त्यात नाणं नव्हतं. त्यांनी मुलांकडे मागितलं. व्यापार शिकणारी एवढी मुलं, पण सगळे फोनवरून पैसे देणारे. एकाच्याही खिशात नाणं निघेना. शेवटी कुणीतरी कॅन्टीनच्या गल्ल्यातून आणलं. शेठने छापा मागितला. नाणं बाकाखाली घरंगळलं, बाई वाकल्या, आणि तिथूनच त्यांचा आवाज आला, "छापा."

मास्तरणीने शेठचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मग चिटणीसपद नको असल्याचं सर्वांसमोर सांगितलं आणि तासाला गेली.

तिला मनातून वाटत होतं की महिनाभरात शेठची फजिती होणार. ती वाट बघत राहिली. पहिली बैठक दुपारच्या सुट्टीत झाली. बसवाली पहिल्या वर्षाची मुलगी चिटणीस झाली, आणि तिने दुकानाच्या पाळ्या मास्तरणीपेक्षा वेगळ्या पण बऱ्या लावल्या. एक व्याख्यान रद्द झालं, एका पाहुण्याला चुकीच्या दिवशी बोलावलं गेलं. शेठने त्याला चहा पाजून, कॉलेज फिरवून इतकं खूश केलं की तो पुन्हा आला. मेळ्यात वीज गेली तेव्हा मास्तरीण बाजूला उभी राहून बघत होती. कुणी तिला विचारायला आलं नाही. थोड्या वेळाने वीज आली.

हे तिला हरण्यापेक्षा जास्त लागलं. बरेच दिवस मंडळाच्या दुकानावरून जायला नको म्हणून ती मुद्दाम दुसरा जिना घ्यायची. मग एकदा घाईत नेहमीच्या जिन्याने गेली, पेन विकत घेतलं, आणि चिटणीस मुलीशी मालाच्या भावाबद्दल बराच वेळ बोलत उभी राहिली. दुपारच्या मोकळ्या वेळात तिने एका छापखान्यात काम धरलं होतं. तिथला मालक तापट होता, पण कागदाची पारख त्याने तिला हाताला धरून शिकवली. घरी आली की तिच्या बोटांना शाईचा वास यायचा.

परीक्षा जवळ आली होती. एका रविवारी दुपारी मामा झोपले होते, शेठ बाहेर गेला होता. मामी ओट्याशी भांडी विसळत होती. मास्तरीण पुसायला उभी राहिली.

"त्या दिवशी मी तुझ्या आईला फोन करायला नको होता," मामी म्हणाली.

मास्तरणीने हातातली ताटली पुसून ठेवली.

"केलात ते मला कळलं होतं," ती म्हणाली.

"तू माघार घेतली असतीस तर मला आनंद झाला असता. खोटं कशाला सांगू." मामीने नळ बंद केला. "पण मग ते मनात ठेवून तू इथे राहिली नसतीस."

"नसते राहिले."

"हं," मामी म्हणाली. "तो मोठा डबा वरच्या फळीवर ठेव. माझा हात पोचत नाही."

तिने स्टूल ओढलं आणि डबा वर ठेवला.