अमेरिकेचं मत आणि आमचा नंदन

मी कॅनडातल्या विनिपेगमध्ये बसून अमेरिकेची मतं गोळा करते, म्हणजे एका सर्वेक्षण कंपनीत फोनवर प्रश्न वाचते. दोन हजार सतराच्या जुलैमध्ये आमचा मुख्य प्रश्न एकच होता: ओबामाकेअर, म्हणजे तिकडचा आरोग्यविम्याचा कायदा, ठेवावा की रद्द करावा?

नियम कडक. प्रश्न सरळ सुरात वाचायचा, मिळेल ते उत्तर टाइप करायचं आणि स्वतः हूं की चूं करायचं नाही. माझ्यासारख्या फटकळ बाईला ही शिक्षाच. त्यात माझा धाकटा भाऊ नंदन अमेरिकेतच, ओहायोत. कॅन्सरमधून बरा झालेला, नोकरी सुटलेली, आणि विमा मिळाला तो याच कायद्यामुळे. कायदा गेला असता तर विमा कंपन्यांनी त्याला दारातही उभं केलं नसतं.

एक बाई म्हणाल्या, रद्द करा, विम्याच्या हप्त्यांनी माझं दुकान बुडवलं. बोलता बोलता रडायला लागल्या. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. मुकाट्याने 'रद्द' दाबलं. 'ठेवावा' म्हणणारे जास्त होते, पण निर्णय सेनेटर घेणार होते आणि ते काही आमचा फोन उचलत नव्हते.

रविवारी नंदनला विचारायचे, कॅन्सर परत आलाय का ते बघायचा स्कॅन झाला का? तो म्हणायचा, सगळं ठीक आहे. कामाची सवय घरातही शिरली होती. मिळालेल्या उत्तरावर मी पुढे काही विचारायचेच नाही.

सेनेटमध्ये कायदा रद्द होता होता वाचल्याची बातमी सकाळी आली. चहा गॅसवर तसाच सोडून मी त्याला फोन लावला. सुटलो रे बाबा, म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

तो म्हणाला, "ताई, स्कॅन मी केलाच नव्हता. काही निघालं असतं आणि इन्शुरन्स गेला असता, तर काय केलं असतं?"

मी संतापून ओरडले, "आत्ता कुठे आहेस?"

"क्लिनिकच्या पार्किंगमध्ये. अपॉइंटमेंट घ्यायला आलोय. पण पाय उचलत नाहीये."

"फोन ठेवू नकोस. चालायला लाग."

मग मी त्याला मनसोक्त झापत राहिले. मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं, आईची शपथ घातली. तिकडे दार उघडल्याचा आवाज आला, आणि नंदनने कुणाला तरी आपलं नाव सांगितलं.