लाल टिचबटण

शिवणकाम करणाऱ्या मावशीने उभ्या आयुष्यात हजारो टिचबटणं लावली असतील, पण त्यातून वीजही जाते हे तिला भाचीच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं. बाई स्कर्टची कड दुमडून घ्यायला आल्या होत्या.

"कापडावर चिमुकला दिवा, चपटा सेल आणि दोऱ्याऐवजी बारीक तार. बटण लावलं की दिवा लागतो, काढलं की विझतो. मुलांना तुम्हीच शिकवा ना."

तिची शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. "मी आणि वर्गात? फळ्याकडे पाठ करून उभं राहायची माझी छाती नाही, बाई."

"पण का?" भाची म्हणाली. घरात तिला सगळे 'पणका'च म्हणत.

त्या 'का'पुढे मावशीने हात टेकले आणि ती हो म्हणाली. वर्गाच्या आदल्या दिवशी नमुना शिवला. साधं चंदेरी बटण, टिच केलं की दिवा लागे. पुन्हा पुन्हा लावून पाहिला, हात जोडले आणि झोपली. सकाळी मात्र वाटलं, चारचौघांत जायचं तर काम देखणं हवं. कापड लाल होतं. तिने चंदेरी बटण उसवून लाल लावलं.

वर्गात तीस जोडी डोळे तिच्यावर. मावशीने नमुना वर धरला. टिच.

दिवा लागला नाही.

पुन्हा टिच. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मावशीचे कान तापले. तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत ती दाराकडे बघू लागली.

"मावशी, पण का नाही लागला?" पणकाने विचारलं.

खवचटपणा नव्हता त्यात. पोरीला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मावशीच्या लक्षात आलं, आपल्यालाही.

"मलाही नाही कळलं," ती म्हणाली. "या, बघू सगळे मिळून."

मुलं टेबलाभोवती गोळा झाली. "सेल उलटा असेल." नव्हता. "तार तुटली असेल." मावशीने टाक्यावरून बोट फिरवलं, अख्खी होती. मग एकाने बटणाला वळसा घालून दोन्हीकडच्या तारा एकमेकींना टेकवल्या. दिवा लख्ख लागला.

"म्हणजे चोर बटणातच," बाई म्हणाल्या.

मावशीने बटण नखाने खरवडलं. लाल कपची निघाली, खालून चंदेरी पत्रा. "अगं बाई, याला तर रंगाचा अंगरखा! आत वीज पोचणार कशी?" तिने कात्रीच्या टोकाने बटणाचे दोन्ही भाग आणि तारेची भोकं खरवडली.

टिच. दिवा लागला.

मग तिने तिसांना चंदेरी आणि पिशवीतली लालही बटणं वाटली. "पण आधी एकेक लाल लावून पाहा," असंही सांगितलं. "न लागलेला दिवा बघितल्याशिवाय लागलेल्याची गंमत कळत नाही."

घरी आल्यावर भाचीने तिची पाठ झटकली. खडूची पांढरी पूड उडाली. "फळ्याला चांगलीच टेकली होतीस की."

"कधी गं?" मावशीचं लक्ष नव्हतं. तिने आपल्या झग्याचा खिसा उलटा केला होता. "हात आत घातला की आपोआप दिवा लागेल, असं शिवता येईल का?"